वसईच्या मोहिमेसाठी पोर्तुगीज शिकावी का?

पाणजूकर:
नमस्कार. मी वसईचा, इतिहासात एम.ए. करतोय. प्रबंधाचा विषय चिमाजी अप्पांची पोर्तुगीजांविरुद्धची १७३७ ते १७३९ ची मोहीम. पेशवे दप्तरातली छापील पत्रं वाचून झाली. पोर्तुगीज बाजूसाठी पांडुरंग पिसुर्लेकरांच्या संशोधनाचं इंग्रजी भाषांतर आहे आणि सर म्हणतात तेवढं पुरे. मला मात्र भाषाच शिकावीशी वाटते. घरच्यांचं म्हणणं, शिकायचीच तर जर्मन शीक, नोकरी तरी लागेल. काय करू?

सह्यवाचक:
घरचे बरोबर बोलतायत. जुन्या कागदांचे फोटो काढा, मशीनकडून भाषांतर करून घ्या आणि तो वेळ लिहिण्यात घाला.

मांडवीकाठ:
पाणजूकर, शिका. मी पणजीच्या पुराभिलेखात जुने कागद वाचते, म्हणून आग्रहाने सांगते.

अठराव्या शतकातला कारकून शब्द अर्ध्यावर तोडतो, उरलेली अक्षरं बारीक करून वर लिहितो, एकाच पानावर एक शब्द दोन तऱ्हांनी लिहितो. त्यात पाठीमागची शाई पुढे फुटलेली. तुमच्याकडची आगाशी आणि आमची तिसवाडीतली आगशी, दोन्ही गावं या कागदांत 'आगासाईं' म्हणूनच येतात. कुठली आगाशी, हे मागचापुढचा मजकूर वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. मशीनने चुकीची निवडली, तर भाषा न येणाऱ्याला ते कळणार कसं?

पिसुर्लेकरांविषयी मला अपार आदर आहे. गोव्याच्या पोर्तुगीज सरकारला सल्ला देणाऱ्या राज्यमंडळाच्या बैठकींची टिपणं त्यांनी १९५३ ते १९५७ मध्ये पाच खंडांत छापून दिली. पण ते खंड पोर्तुगीजमध्येच आहेत! कुठल्या सदस्याने काय मत दिलं, ते तिथे वाचायला मिळतं. आपल्या पत्रांत मोहीम बाहेरून दिसते. वेढा पडलेल्यांची बाजू, त्यांचे आपसातले वाद आणि पैशाची ओढाताण त्यांच्याच कागदांत शोधावी लागते. भाषांतर करणारा त्याच्या कामापुरतं घेतो. तुमचे प्रश्न वेगळे असतील, तर उत्तरं तुम्हालाच काढावी लागतील.

जर्मनने नोकरी मिळत असेल तर चांगलंच आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण तुम्ही विषय वसईचा घेतलाय.

पाणजूकर:
मनापासून आभार. सुरुवात कुठून करू? हस्तलिखितांची धास्ती वाटते.

मांडवीकाठ:
हस्तलिखितं इतक्यात नकोतच. आधी आजची पोर्तुगीज नीट शिका. कोकणी कानावर असेल तर नाकातले स्वर जड जात नाहीत. पुढे जायचं झालं तर गोवा विद्यापीठात पोर्तुगीजमध्ये एम.ए.ची सोय आहे.

थोडं वाचता येऊ लागलं की सिमाँव बोतेल्यू या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५५४ मध्ये तयार केलेली महसुलाची नोंदवही घ्या. ती एकोणिसाव्या शतकात छापली गेली आहे, त्यामुळे अक्षर लावायची कटकट नाही. त्यात वसई प्रांतातल्या गावांचा वसूल दिलाय, कुठे भाताच्या मुड्यांत (मुडा हे धान्याचं जुनं माप), कुठे 'फेदेआ' नावाच्या नाण्यांत. वाक्यरचना त्याच त्याच येतात आणि गावं तुमच्या पायाखालची, म्हणून ती भराभर कळते. अडलात तर पान इथेच टाका, मिळून लावू.