जाग येते, पण अंग हलत नाही – तुमचे अनुभव लिहा

परवा पहाटे पुन्हा झालं. डोळे उघडे, पंख्याची कटकट ऐकू येतेय, सासूबाई स्वयंपाकघरात चहाचं भांडं ठेवतायत, आणि मला करंगळीसुद्धा हलवता येईना. छातीवर कोणीतरी बसलेलं. हाक मारली ती घशातच राहिली. मग एकदम सुटलं. कॉलेजपासून वर्षातून तीन-चारदा होतं. आणखी कोणाला होतं का? औषधं सुचवू नका, अनुभव सांगा.

पेठकर : आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात याला सरळ 'मुंजा बसला' म्हणायचे. मागच्या अंगणात पिंपळ होता, म्हणजे पुराव्याचा प्रश्नच मिटला. आजी उशाखाली अडकित्ता ठेवायची. आता वाडाही नाही आणि पिंपळही. मुंजा मात्र कोथरूडला पाचव्या मजल्यावर येतो, बहुधा लिफ्टने.

रात्रपाळी : हिंजवडीत आहे. शिफ्ट बदलली की त्या आठवड्यात हमखास, तेही उताणा झोपलो तरच. दुपारी पडदे ओढून झोपतो तेव्हा दारात एक माणूस उभा दिसतो. आता ओळखीचा झालाय.

अर्धवट मानसशास्त्री : एम.ए.ला शिकले तेवढं सांगते. १९५३ मध्ये शिकागोत अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत बुबुळं भराभर फिरण्याचा टप्पा नोंदवला. ठसठशीत स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात, आणि तेव्हा मेंदू हातापायांच्या स्नायूंना कुलूप घालतो. फ्रान्समध्ये जुवे यांनी मांजरांच्या मेंदूतला हे कुलूप लावणारा भाग निकामी केला, तर ती झोपेतच नसलेल्या भक्ष्यावर झडप घालायला लागली! आपल्याला जाग आधी येते, कुलूप मागाहून उघडतं. छातीचे स्नायूही सैल असतात, म्हणून दडपण वाटतं. डोळे फिरवता येतात. मी तेच करते, सुटते.

सिंहगड रोड : आमच्याकडे उलटंच. सासरे झोपेत "पाणी आलं, पाणी आलं" ओरडत लाथा झाडतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते १४ वर्षांचे, राहायला शनिवार पेठेत. गेल्या महिन्यात उशाशी ठेवलेला तांब्या थेट कपाटावर गेला. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी जुनं वर येतंय. मेंदूच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं की हे कुलूपच ढिलं झालंय, आणि ही कधीकधी पार्किन्सन्सची आगाऊ सूचना असते. दर सहा महिन्यांनी दाखवतो. पलंगालगतचा टेबल हलवला.

पेठकर : त्यांना स्वप्नात पाणी कुठवर दिसतं, विचारलंत कधी?

सिंहगड रोड : आज चहाला विचारलं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत, म्हणाले. त्याच्यावर कधीच चढत नाही. खरं तर वाडाच गेला होता.