मदत हवी आहे : वेल्डिंग करताना पोकळीतील मेण पेटते
नमस्कार. जुन्या गाडीचा गंजलेला पत्रा कापून घरीच मिग वेल्डिंगने नवा तुकडा जोडत असताना, दाराखालच्या बंद पोकळीत पूर्वी कोणीतरी फवारलेल्या गंजरोधक मेणाने पेट घेतला. बाहेरून रंगाला फक्त फोड आलेले दिसत होते आणि धूर मात्र हातभर लांबच्या भोकातून येत होता. बॅटरी, सीट आणि पेट्रोलची टाकी आधीच काढली होती, तरीही हे घडले, याची फार काळजी वाटते. अशा पोकळीतील मेण वेल्डिंगपूर्वी पूर्णपणे कसे काढावे? ब्रेक क्लीनरने धुण्याचा सल्ला मिळाला, परंतु क्लोरीनयुक्त क्लीनर वेल्डिंगच्या उष्णतेत फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण करू शकतो, म्हणून तो मार्ग मला नको आहे. शिवाय काम थांबवल्यावर धुमसणाऱ्या ठिणगीसाठी किती वेळ पहारा ठेवावा?