घटस्फोटानंतर मुलांच्या फिया, क्लास, छंद: खर्च कसा वाटून घेता?

तळ्यातमळ्यात
लेकीच्या अकरावीच्या अ‍ॅडमिशनसाठी एलसी शोधत होते, कपाटातून कन्सेंट टर्म्सची (घटस्फोटाच्या वेळी दोघांनी मान्य केलेल्या अटींची) फाईलच अंगावर आली. म्युच्युअलने घटस्फोट घेतला तेव्हा ती सिनियर केजीत. त्यात लिहिलंय, शाळेची फी वडील भरतील, इतर शैक्षणिक खर्च दोघे निम्मा निम्मा. झालं. वकीलबाईंनाही पुरेसं वाटलं आणि आम्हालाही, तेव्हा एकदाचं सुटायचं होतं.

शाळेच्या फीवरून आमचं कधीच वाजलं नाही, तो माणूस फीच्या बाबतीत घड्याळासारखा. वाजलं ते व्हॅन, स्कॉलरशिपचा क्लास, गॅदरिंगचा भाड्याचा ड्रेस आणि कथक. कथक म्हणजे 'तुझी हौस'. घुंगरांची पावती पाठवली तर उत्तर आलं, 'पन्नास घुंगरांचे चालत नाहीत का, शंभरच कशाला?' गुरूंनी शंभरचे सांगितलेत हे मी एका दुकानाच्या पायरीवर उभी राहून टाईप करतेय आणि पोरगी शेजारी घुंगरू वाजवून बघतेय.
तुमच्याकडे कसं चालतं? बाबालोकांनीही लिहा.

चहाबाज
बाबालोकांतर्फे हजर. मी थेट शाळेच्या लिंकवर भरतो, क्लासवाल्यालाही थेट. तिच्या हातात दिले की मला वाटणार कुठे गेले आणि तिला मागावे लागले की तिला ते हात पसरल्यासारखं होणार, त्यापेक्षा हे बरं. आणि इन्कम टॅक्समधली फीची सूट (80सी म्हणायचे ती) ज्याने भरली त्याने आपापल्या भागाची घ्यायची, फक्त ट्युशन फी हां, डेव्हलपमेंट फी आणि डोनेशन त्यात बसत नाही, आणि जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तरच.

खारीबटर
आमचं लग्न शाबूत आहे तरी दर जूनमध्ये हीच भांडणं होतात 😄

शिवाजीनगर_रिटर्न्ड
तळ्यात, निम्मा निम्मा कशाला मान्य केलंस गं. माझा पगार माझ्या एक्सच्या निम्म्याहून कमी, मग निम्मं कसलं? 2020 चा रजनेश विरुद्ध नेहा हा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा, दोघांनी उत्पन्न, मालमत्ता, कर्जं सगळं अ‍ॅफिडेविटवर द्यायचं. मुलांच्या शिक्षणाचा खर्च एरवी वडिलांचा, पण आई पुरेसं कमावत असेल तर ज्याच्या त्याच्या कमाईच्या प्रमाणात. क्लास, छंद धरतात पण वाजवी, उधळपट्टी नाही. आणि जुन्या टर्म्स म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली मुलांच्या खर्चाबद्दल नंतरही अर्ज करता येतो. मी केला. तारखा पडल्या भरपूर, कोर्टाच्या कॅन्टीनचा चहा आता तोंडपाठ आहे, पण प्रमाण बदलून मिळालं.

आज्जी_सहकारनगर
आमच्या नातवाची टेबलटेनिसची फी आम्ही पेन्शनमधून भरतो. मुलगी म्हणते मागणार नाही, जावई (माजी म्हणवत नाही अजून) रविवारी येतात तेव्हा महागडी बॅट आणतात पण महिन्याची फी कोण भरतं ते विचारत नाहीत. बॅट दिसते ना. चुका समजून घ्या कुकर लावलाय

चहाबाज
आज्जी, त्यांना कोच सरांचा नंबर द्या आणि सरांनाच फीचा मेसेज त्यांच्याकडे पाठवायला सांगा. मला असाच कळला होता स्विमिंगचा हिशोब.

दप्तरवाला
मी त्या मुलांपैकी. आता नोकरी करतो. सहलीचा फॉर्म आला की आई म्हणायची बाबांना विचार, बाबा म्हणायचे आईला दिलेत ना पैसे. फॉर्म शेवटच्या तारखेपर्यंत दप्तरात, डब्याचं तेल लागून पारदर्शक झालेला. नंतर मी दोघांना सांगायचोच नाही, वर्गात सांगायचो मला गाडी लागते. बाईंना वाटायचं खरंच लागते, एकदा लिंबू आणून दिलं होतं त्यांनी. भांडा, पण मुलाला पोस्टमन करू नका एवढंच.

तळ्यातमळ्यात
😔 दप्तर, हे वाचून गप्प झाले.

एक्सेलशीट
आमचं गूगल शीटवर चालतं. पावतीचा फोटो टाकल्याशिवाय खर्च धरायचा नाही, दोन हजारांच्या वरचं काही असेल तर आधी विचारायचं, नंतर हिशोब मागायचा नाही. विचारलं नाही तर ज्याने घेतलं त्याचं. तीन ओळी. आमच्या लग्नातही एवढी शिस्त नव्हती.

खारीबटर
मग लग्नातच शीट काढायची होती की 😂

पर्वतीपायथा
मुलगा 18 चा झाला, इंजिनिअरिंग पहिलं वर्ष. समोरून निरोप आला, सज्ञान झाला, आता माझं काही नाही. फी तर आता सुरू झालीये!!

शिवाजीनगर_रिटर्न्ड
पर्वती, 1956 च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यात पोटगीचा हक्क अज्ञान मुलांना, मुलीच्या बाबतीत लग्न होईपर्यंत, तिला स्वतःच्या कमाईवर भागत नसेल तर. सज्ञान मुलग्यांचं त्यामुळे अडतं. तुमच्या टर्म्समध्ये पदवीचा उल्लेख आहे का बघा, असेल तर धरून बसा. ज्यांचं अजून व्हायचंय त्यांनी 'पदवी पूर्ण होईपर्यंत, हॉस्टेल आणि परीक्षा फीसकट' असं आत्ताच लिहून घ्या.

पर्वतीपायथा
उल्लेख नाही. एज्युकेशन लोनचं बघतेय, को-अ‍ॅप्लिकंट मीच. असो.

आज्जी_सहकारनगर
ते शीट मोबाईलवर उघडते का

एक्सेलशीट
उघडते आज्जी. नातवाला नका सांगू, मुलीला सांगा.

खारीबटर
तळ्यात, अकरावी सायन्स ना? जुनी पुस्तकं अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत बघ, आताच जा, अ‍ॅडमिशनच्या याद्या लागल्या की पाय ठेवायला जागा नसते. आणि दुपारी एक ते चारमध्ये जाऊ नकोस, दुकानं बंद असतात, पुणं आहे.