इन्सुलिन पंप आधी की शुगर मोजणारा सेन्सर आधी? मुलगा १४ वर्षांचा, टाइप १ मधुमेह

विटेकर_पालक
मुलाचं वजन ४२ किलो. रात्री ग्लार्जिन (लांब पल्ल्याचं इन्सुलिन) १४ युनिट, तीन जेवणांचं मिळून अ‍ॅस्पार्ट (जेवणाचं झटपट इन्सुलिन) साधारण १८. संध्याकाळी कबड्डीचा सराव. झोपताना शुगर १४० असते, सकाळी उपाशीपोटी २२० ते २६०. ग्लार्जिन २ युनिटनं वाढवलं की कधीकधी पहाटे घामाघूम होऊन उठतो. सांगलीच्या डॉक्टरांनी पंपाचा विषय काढलाय, मेडिकलवाले म्हणतात आधी दंडावरचा सेन्सर लावा. दोन्ही एकदम झेपणार नाही. आधी काय घ्यावं?

मिरज_एज्युकेटर
सेन्सर. दोघांचं काम वेगळं आहे: सेन्सर नुसता मोजतो, पंप नुसता इन्सुलिन सोडतो. दोन्ही जोडून आपोआप चालणारे पंप मिळतात, पण त्यांनाही सेन्सर लागतोच.

तुमचा प्रश्न रात्रीचा आहे. सकाळच्या २५० मागे उशिरा पचलेलं जेवण असेल, पहाटेची संप्रेरकं असतील (या वयात हा जोर जास्तच), नाहीतर मध्यरात्री लो झाल्यावर (शुगर फार उतरल्यावर) भरपूर गोड खाल्लेलं असेल. पहिल्याला जेवणाचा डोस बदलतात, दुसऱ्याला बेसल (पायाभूत इन्सुलिन, तुमचं ग्लार्जिन) वाढवतात, तिसऱ्याला तेच बेसल कमी करतात. उपाय असे उलटसुलट असताना आलेख न बघता २ युनिट वाढवणं म्हणजे अंधारात दगड मारणं. त्यात सरावानंतर स्नायू रात्रभर शुगर ओढत राहतात, म्हणून सरावाच्या आणि सुट्टीच्या रात्री वेगवेगळ्या बघा.

१४ दिवसांचा एक सेन्सर पाचेक हजारांच्या आसपास पडतो. पंपाला काही लाख, शिवाय दरमहा सेट (नळी आणि त्वचेत राहणारा कॅन्युला) आणि रिझर्व्हॉयर (इन्सुलिनची टाकी) यांचा खर्च. घेताना अलार्मवाला आहे का ते विचारा. जुन्या प्रकारात स्कॅन केल्याशिवाय आकडा दिसत नाही आणि आठवण ८ तासांचीच, म्हणजे रात्री ९ ला स्कॅन करून सकाळी ७ ला पाहिलं की मधले दोन तास गेले.

दंडाची मागची बाजू स्पिरिटनं पुसून पूर्ण सुकू द्या, मगच लावा. पहिल्या दिवशी आकडे थोडे इकडेतिकडे होतात. सेन्सर रक्तातली नाही, पेशींमधल्या द्रवातली शुगर मोजतो, त्यामुळे ५-१० मिनिटं मागे असतो. शुगर भराभर उतरत असताना तो ९० दाखवतो, बोटावर ७० निघते. त्याच कुशीवर झोपला तर दाबामुळे खोटा लो येतो. लक्षणं आणि आकडा जुळले नाहीत तर बोट टोचायचंच. कबड्डीत दंडाची पकड होते, म्हणून वरून चिकटपट्टी आणि आवरण दोन्ही.

सातारा_पंपसेट
वरच्याशी सहमत, पण पंपाची बाजू मांडतो. ग्लार्जिन एकदा टोचलं की ते रात्री १ ते ३ पुरतं कमी करता येत नाही, पंपात येतं. सरावाच्या रात्रींसाठी खरा फायदा हाच.

तोटाही त्यातच आहे. पंपात फक्त झटपट इन्सुलिन असतं, लांब पल्ल्याचं काही नाही. नळी दुमडली, कॅन्युला वाकला की काही तासांत कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) वाढायला लागतात. नियम साधा: कारण नसताना २५० च्या वर गेली, करेक्शन (शुगर उतरवायचा जादा डोस) देऊन तासाभरानं उतरली नाही, की कीटोन तपासा, पुढचा डोस पेननं द्या, सेट बदला. पंपानं आणखी बोलस (एका वेळचा डोस) देत बसू नका, तो शरीरात पोचतोय याची खात्री काय? म्हणून पंप असला तरी दोन्ही पेनं घरात हवीत. सेट साधारण २-३ दिवसांनी बदलायचा. रिझर्व्हॉयर ३०० युनिटचा असला तरी तेवढ्याच दिवसांपुरता भरा, सांगलीच्या मे महिन्यात अंगालगतचं इन्सुलिन तापतं.

विटेकर_पालक
गावात इन्सुलिनची ४० ची (यू-४०, एका मिलीत ४० युनिट) बाटली लगेच मिळते, १०० ची मागवावी लागते. अडीअडचणीला पंपात ४० ची चालेल का?

सातारा_पंपसेट
अजिबात नाही. पंप १ युनिट म्हणजे ०.०१ मिली ढकलतो. यू-४० भरलं तर १ युनिटाच्या जागी ०.४ च जाईल, स्क्रीनवर मात्र १ दिसेल. शिवाय ४० च्या बाटलीत बहुतेक साधं ह्यूमन इन्सुलिन असतं, ते उशिरा काम सुरू करतं. उलटी चूक त्याहून घातक: १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या ४० च्या सिरिंजनं १० खुणेपर्यंत ओढलं तर २५ युनिट जातात. १०० ला केशरी टोपीचीच सिरिंज.

तासगाव_आहार
पंप घ्या न घ्या, कार्ब (कर्बोदकं) मोजायला आत्ताच शिकवा, कारण बोलस देताना पंप ग्रॅमच विचारतो. एकूण ३२ युनिटवर ५०० चा नियम (५०० भागिले दिवसाचे एकूण युनिट) लावला तर साधारण १५ ग्रॅमला १ युनिट. हा फक्त अंदाज, डॉक्टर पक्का करतील. भाकरी थापल्यावर नाही, पीठ असताना तोला. ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ४० च्या आसपास कार्ब. पिठल्यातलं बेसनही धरा. १०० ग्रॅम द्राक्षांत १७ च्या आसपास.

लो झाल्यावर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. कंदी पेढा नको, खव्यातल्या तुपामुळे शुगर सावकाश चढते आणि तोवर पोरगं आणखी दोन खातं.

मिरज_एज्युकेटर
हे मधल्या रात्रीच्या खाण्याबद्दल मी म्हटलं तेच. सेन्सर सुरू झाल्यावर सराव, जेवणाची वेळ आणि लोला दिलेलं सगळं वहीत लिहा. रिपोर्टमध्ये आधी ७० च्या खालचा वेळ बघा: ४ टक्क्यांपेक्षा कमी हवा, ५४ च्या खालचा १ पेक्षा कमी. तो जास्त असेल तर सकाळचे २५० तूर्त बाजूला ठेवा. मग ७० ते १८० मधला वेळ, तो ७० टक्क्यांच्या वर न्यायचा. १४ दिवसांपैकी किमान ७० टक्के वेळेची नोंद असेल तरच आलेखावर भरवसा ठेवा, आणि तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे पंपाचं बोला.