दोन बोअरमधलं अंतर: सगळ्या खडकांना एकच आकडा कसा चालेल?

मुरूमकातळ:
भूजलाच्या नियमांत बहुधा दोन विहिरींमधलं किमान अंतर दिलेलं असतं. वाळू असो की कातळ, आकडा तोच. प्रत्यक्षात कधी १५० मीटरवरचा बोअर सुरू झाला की जुन्या विहिरीची पातळी खाली जाते, तर कधी ६० मीटरवरही काही फरक पडत नाही. हे उपशामुळे की खडकामुळे? आणि परवाना देताना अंतराऐवजी काय तपासावं?

खडकवेध:
खडकामुळे. प्रभाव कुठवर पोचतो याचा ढोबळ अंदाज कूपर-जेकबच्या (१९४६) समीकरणातून मिळतो: अंतर = १.५ × √(वहनक्षमता × वेळ ÷ साठवणगुणांक). वहनक्षमता म्हणजे थरातून पाणी किती सहज वाहतं, आणि साठवणगुणांक म्हणजे पातळी उतरली की थर किती पाणी सोडतो. यात उपसा येतच नाही! उपसा दुप्पट केला तर पातळी दुप्पट उतरते, पण प्रभाव तितक्याच अंतरावर जातो.

वहनक्षमता रोज ३० चौरस मीटर आणि पंप अखंड एक दिवस चालू, असं धरून आकडे घालून बघा. वरच्या झिजलेल्या मुरमात, म्हणजे मुक्त जलधरात (पाणी धरणारा थर, वर घट्ट झाकण नसलेला), साठवणगुणांक ०.०२ धरला तर प्रभाव ५८ मीटरवर थांबतो. तेच पाणी घट्ट थराखाली दाबात असेल आणि गुणांक ०.०००१ असेल, तर प्रभाव एका दिवसात ८२० मीटर गाठतो. मुक्त जलधरात पोकळ्या खरोखर रिकाम्या होतात. दाबातल्या जलधरात पोकळ्या भरलेल्याच राहतात, फक्त दाब उतरतो. प्रत्येक घनमीटर खडकातून जेमतेम थोडं पाणी सुटतं, म्हणून ते फार लांबून गोळा करावं लागतं.

वेळही विसरू नका. सलग ३० दिवस उपसा झाला तर ५८ चे ३१८ मीटर होतात.

पातळीमापक:
वहनक्षमता आणि साठवणगुणांक अंदाजाने धरू नयेत, उपसा चाचणी घ्यावी, म्हणजे स्थिर प्रवाहाने उपसून पातळी कशी उतरते ते मोजावं. आधी किमान १२ तास आसपासचे पंप बंद. निरीक्षणासाठी दुसरी विहीर हवीच, कारण फक्त उपसा विहिरीच्या नोंदींवरून साठवणगुणांक भरवशाचा निघत नाही. पहिली १० मिनिटं दर मिनिटाला पातळी मोजा, मग दोन नोंदींमधला वेळ हळूहळू वाढवा, आणि पंप बंद केल्यावर पाणी चढतानाच्या नोंदी तितक्याच निगुतीने घ्या. त्या बऱ्याचदा जास्त स्वच्छ येतात.

पंपाच्या पाटीवरचा प्रवाह लिहू नका, २०० लिटरचा ड्रम भरून बघा. तो २ मिनिटं २४ सेकंदांत भरला तर प्रवाह ताशी ५,००० लिटर, म्हणजे दिवसाला १२० घनमीटर. आता लॉग कागदावर (ज्यावर वेळेची प्रत्येक दहापट सारख्याच अंतरावर येते) वेळ दहापट होताना (१० ते १०० मिनिटं) पातळी ०.७३ मीटर उतरली असेल, तर वहनक्षमता = ०.१८३ (सूत्रातला स्थिरांक) × १२० ÷ ०.७३, साधारण ३०.

चाचणी बिघडते ती दोन-तीन ठरावीक कारणांनी. पाणी खाली जातं तसा पंपाचा प्रवाह घटतो. व्हॉल्व्ह सतत जुळवून तो स्थिर ठेवावा लागतो. उपसलेलं पाणी शेजारीच सोडलं तर ते परत मुरतं आणि जलधर आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. मोठ्या विहिरीत तर सुरुवातीला आपण जलधर नाही, विहीरच उपसत असतो: ६ मीटर व्यासात १ मीटर पाणी म्हणजे २८ घनमीटर. वरच्या प्रवाहाने ते काढायलाच साडेपाच तास लागतात. तिथे साधी रेघ मारून काढलेलं उत्तर चुकतं.

डाईक_आणि_दरी:
या सगळ्या हिशेबात खडक सगळीकडे सारखा धरलाय, कठीण खडकात तो तसा नसतो. आलेखाचा उतार अचानक दुप्पट झाला तर प्रभाव एखाद्या बंद हद्दीला, बहुधा घट्ट डाईकला (खडकात घुसलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंतीला), धडकलाय असं समजा. रेघ सपाट झाली तर ओढा किंवा तलाव पाणी पुरवतोय. पण डाईक म्हणजे भिंतच, असं धरू नका. कडा फुटलेल्या असतील तर तोच पाणी वाहून नेतो. चुनखडकात तर पाणी गुहांतून धावतं, तिथे हे सूत्र वापरूच नये.

मुरूमकातळ:
मग परवान्यात लिहायचं काय?

खडकवेध:
प्रत्येक विहिरीचा उपसा पाण्याच्या मीटरने मोजणं आणि निरीक्षण विहिरीतल्या पातळीला उपसाकपात बांधणं. टेक्सासमधल्या एडवर्ड्स जलधरात (चुनखडकच) हेच चालतं. १९९३ च्या कायद्याने तिथे स्वतंत्र प्राधिकरण नेमलं. सान अँटोनिओची जे-१७ ही निरीक्षण विहीर ठरलेल्या पातळीखाली गेली की परवानाधारकांचा उपसा टप्प्याटप्प्याने कापला जातो. चिकणमातीचे थर असतील तिथे ही पातळी बरीच वरची ठेवा, म्हणजे कपात लवकर सुरू होईल. कॅलिफोर्नियात मेंडोटाजवळ १९२५ ते १९७७ मध्ये जमीन सुमारे ९ मीटर खचली. दबलेली माती पुन्हा फुगत नाही, त्यामुळे साठवण कायमची जाते.

पातळीमापक:
आणि केसिंगची (बोअरच्या आतल्या नळीची) खोली परवान्यात लिहाच. केसिंग वरच्या जलधरातच संपलं तर वरचं पाणी बोअरमधून खालच्या भेगांत गळतं, पंप बंद असला तरीही. शेजारची उथळ विहीर आटते आणि अंतर मात्र नियमात बसतं! पंप बंद करून बोअरच्या तोंडाशी कान लावा. आत पाणी पडल्याचा आवाज आला तर वरच्या थरातून गळती चालू आहे. उपाय: वरचा जलधर संपून घट्ट थर लागेपर्यंत बिनभोकांचं केसिंग, आणि त्याच्या बाहेरची फट सिमेंट किंवा बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या मातीने) तळापासून वर भरत आणणं. वरून ओतलं तर मध्ये पोकळी राहते.