एनव्हिडियाचा भाव: नफ्याच्या जोरावर की हवेवर? आणि थोडे विकायचे तर कसे?

सासवडकर

एलआरएसमधून (परदेशात पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) डॉलर पाठवून २०२३ पासून टप्प्याटप्प्याने घेतलेले एनव्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीचे शेअर आहेत, एकूण पाच लॉट (वेगवेगळ्या वेळी घेतलेले गट). भाव इतका चढलाय की एकूण पोर्टफोलिओतला या एकाच कंपनीचा वाटा एक तृतीयांशावर गेलाय. प्रश्न तीन:

१. ही वाढ कमाईतून आलीय की लोक त्याच कमाईच्या जास्त पट भाव मोजायला तयार झालेत म्हणून? हे आकड्यांवरून वेगळं कसं काढायचं?
२. तिमाही निकालात गडबड सगळ्यात आधी कुठल्या ओळीत दिसते? मथळ्यात येणारी उलाढाल सोडून.
३. थोडे विकायचे तर भारतातल्या कराच्या दृष्टीने काय क्रम ठेवावा?

"विकून टाका" किंवा "दहा वर्षं बघू नका" अशी उत्तरं नकोत, ती व्हॉट्सॲपवर भरपूर मिळतात.

ताळेबंद

पहिल्याचं उत्तर देतो. भाव म्हणजे ईपीएस (एका शेअरमागची कमाई) गुणिले पी/ई (भाव त्या कमाईच्या किती पट). भाव किती पट झाला हे काढा, ईपीएस किती पट झाला ते काढा, पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर एकाच्या वर आलं तर तेवढा हिस्सा लोकांच्या उत्साहाचा. एकाच्या खाली आलं तर कमाई भावाच्या पुढे धावतेय.

करून बघू. आधी दोन खाचखळगे. एक, जून २०२४ मध्ये एका शेअरचे दहा असं विभाजन झालं. त्यामुळे जुन्या निकालातला ईपीएस दहाने भागल्याशिवाय वापरू नका (आणि जुलै २०२१ च्या आधी जायचं असेल तर आणखी चारने भागा). काही मोफत साइटवर भाव विभाजनानंतरचा आणि ईपीएस विभाजनाआधीचा असा खिचडी तक्ता असतो. पी/ई अचानक दोन-तीनवर आलेला दिसला की समजायचं. दोन, यांचं वर्ष जानेवारीच्या शेवटच्या रविवारी संपतं. 'आर्थिक वर्ष २०२५' म्हणजे जानेवारी २०२५ ला संपलेलं वर्ष.

जानेवारी २०२३ अखेर भाव साधारण २० डॉलर, त्या वर्षाचा ईपीएस १.७४, म्हणजे विभाजनानंतर ०.१७. पी/ई ११७ च्या आसपास. २४ जानेवारी २०२५ ला बंद भाव १४२.६२, त्या वर्षाचा ईपीएस २.९४. पी/ई साडेअठ्ठेचाळीस. भाव सातपट, कमाई सतरापट. म्हणजे या दोन वर्षांत पी/ई निम्म्याहूनही खाली आला. "हवेवर चढलाय" म्हणणाऱ्यांनी हे गणित केलेलं नसतं.

पै_पैचा_हिशोब

गणित बरोबर, पण सुरुवातीचं वर्ष सोयीचं निवडलंय. २०२३ चं वर्ष मुद्दाम पाडल्यासारखं होतं. आर्म ही चिपचे आराखडे बनवणारी कंपनी घेण्याचा सौदा मोडला म्हणून १.३५ अब्ज डॉलर खर्ची पडले, गेमिंगची मागणी आटली म्हणून पडून राहिलेल्या मालावर मोठी तरतूद झाली. खड्ड्यातून मोजलं की टेकडीही डोंगर दिसते. कंपनीचाच समायोजित (काही खर्च वगळून काढलेला) ईपीएस घ्या: ३.३४, म्हणजे ०.३३. आणि २०२५ चा २.९९. आता कमाई नऊपट, भाव सातपट. निष्कर्ष उलटत नाही, पण "सतरा विरुद्ध सात" एवढा गुळगुळीतही राहत नाही.

शिवाय पी/ई कमी दिसणं म्हणजे स्वस्त असं चक्री धंद्यात नसतं. चिपच्या धंद्यात कमाई शिखरावर असते तेव्हाच पी/ई सगळ्यात देखणा दिसतो. नफा पुढच्या वर्षी अर्धा झाला तर आज ३० दिसणारा पी/ई म्हणजे खरा ६०.

ताळेबंद

मान्य. समायोजित आकडा घ्यायला हवा होता. फक्त समायोजित आकड्यात कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरांचा खर्च वगळलेला असतो हेही लक्षात ठेवा. आर्थिक वर्ष २०२५ मध्ये तो ४.७ अब्ज डॉलर होता. तोही खराच खर्च आहे.

गोदाम_आणि_उधारी

दुसऱ्या प्रश्नावर येतो. उलाढाल सगळ्यात शेवटी पडते. आधी हलतात तीन गोष्टी: उधारीचे दिवस, पडून असलेला माल, आणि सकल नफ्याचं प्रमाण (विक्रीतून मालाचा खर्च वजा जाता उरणारा हिस्सा). तिन्ही १०-क्यू या तिमाही दस्तात मिळतात, अमेरिकी बाजार नियामकाच्या एडगर साइटवर फुकट.

उधारीचे दिवस: तिमाहीअखेरची येणी भागिले तिमाहीची उलाढाल, गुणिले ९१ (तिमाहीचे दिवस). जानेवारी २०२५ अखेर येणी २३.०७ अब्ज, तिमाहीची उलाढाल ३९.३३ अब्ज. उत्तर ५३ दिवस. हा आकडा प्रत्येक तिमाहीला वहीत लिहा. ५३ चे ६५ झाले आणि उलाढाल मात्र "विक्रमी" म्हणून मिरवली जातेय, तर दोनच शक्यता: तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात माल ढकललाय, किंवा गिऱ्हाइकाला मुदत वाढवून द्यावी लागतेय.

माल: जानेवारी २०२५ अखेर १०.१ अब्ज, ऑक्टोबर २०२५ अखेर १९.८ अब्ज. जवळपास दुप्पट. त्याच काळात तिमाही उलाढाल ३९.३ वरून ५७ अब्जांवर, म्हणजे ४५ टक्के वाढ. इथे घाबरण्याआधी खालची टीप उघडा. त्यात माल तीन भागांत फोडलेला असतो: कच्चा, अर्धवट, तयार. कच्चा आणि अर्धवट माल फुगला तर बहुधा नव्या पिढीच्या चिपची तयारी असते. मालात तयार मालाचा वाटा वाढत गेला आणि उलाढाल त्यामागे आली नाही, तर ते दुखणं. नुसती बेरीज पाहून दोन्हीतला फरक कळत नाही.

त्याच टीपांच्या आसपास पुरवठादारांना दिलेल्या खरेदीच्या हमीचा आकडा असतो. जानेवारी २०२५ ला ३०.८ अब्ज, ऑक्टोबरला ५०.३ अब्ज. कंपनीचा स्वतःचा चिप कारखाना नाही. चिप तैवानच्या टीएसएमसीकडे बनते, मेमरी एसके हायनिक्ससारख्यांकडून येते, आणि त्यांच्याकडे जागा आधी अडवून ठेवावी लागते. मागणी थांबली तरी हमी थांबत नाही. ताळेबंदात कर्ज म्हणून न दिसणारं हे ओझं आहे.

सकल नफ्याचं प्रमाण: आर्थिक वर्ष २०२५ चं ७५ टक्के. एप्रिल २०२५ ला संपलेल्या तिमाहीत एकदम ६०.५. कारण अमेरिकी सरकारने चीनला जाणाऱ्या एच२० चिपवर परवान्याची अट घातली आणि साडेचार अब्जांचा माल व हमी खर्ची टाकावी लागली. हे एका आदेशाने झालेलं. मागणी खरोखर आटते तेव्हा कसं दिसतं ते बघायचं तर जुलै २०२२ ची तिमाही काढा: ४३.५ टक्के. शेअर नोव्हेंबर २०२१ च्या शिखरापासून ऑक्टोबर २०२२ पर्यंत सुमारे दोन तृतीयांश उतरला होता. २००० च्या फुग्यातल्या सिस्को या नेटवर्क यंत्रांच्या कंपनीपर्यंत जायची गरजच नाही, याच कंपनीचा इतिहास पुरेसा आहे.

पै_पैचा_हिशोब

सिस्कोपर्यंत जायची गरज आहे, वेगळ्या कारणाने. मार्च २००० मध्ये सिस्कोचा पी/ई शंभराच्या वर होता, तो एनव्हिडियाला लावता येत नाही हे खरं. पण त्या काळात दूरसंचार यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या गिऱ्हाइकांना स्वतःच उधार देऊन माल विकायच्या. गिऱ्हाइकं बुडाली, मागणी एका वर्षात गेली आणि २००१ मध्ये सिस्कोला सव्वादोन अब्ज डॉलरचा माल खर्ची टाकावा लागला.

आता एनव्हिडियाकडे बघा. कोअरवीव्हमध्ये (एआयसाठी संगणक भाड्याने देणारी कंपनी) तिचे शेअर आहेत आणि कोअरवीव्ह तिच्याच चिप घेते. सप्टेंबर २०२५ मध्ये ओपनएआयमध्ये (चॅटजीपीटीची कंपनी) टप्प्याटप्प्याने १०० अब्ज डॉलरपर्यंत गुंतवण्याचा इरादा जाहीर झाला, आणि ओपनएआय तिच्याच यंत्रणा उभारणार असं त्यात होतं. आपल्या भाषेत, दुकानदारानेच गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे घालायचे आणि गल्ल्यात विक्री दाखवायची. अजून एकूण उलाढालीत हा हिस्सा निर्णायक नाही, पण १०-क्यूमध्ये 'इतर कंपन्यांतली गुंतवणूक' ही ओळ उधारीच्या दिवसांइतकीच नेमाने बघा.

गोदाम_आणि_उधारी

हे पटलं. त्यात एक भर: गिऱ्हाइकांची गर्दी किती थोडक्यांची आहे तेही तिथेच छापलेलं असतं. जुलै २०२५ च्या तिमाहीत दोनच थेट गिऱ्हाइकांकडून २३ आणि १६ टक्के उलाढाल आली. पण "ती म्हणजे मायक्रोसॉफ्ट आणि मेटा" असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. थेट गिऱ्हाईक बहुधा सर्व्हर जुळवणारा किंवा वितरक असतो, शेवटचा वापरणारा वेगळा. शेवटच्या वापरणाऱ्याचा अंदाज घ्यायचा तर मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, अल्फाबेट, मेटा यांच्या निकालातला भांडवली खर्च बघावा. ते बहुतेकदा एनव्हिडियाच्या निकालाआधी तीन-चार आठवडे येतात, म्हणजे आगाऊ खबर फुकटात.

कर_आणि_मुदत

तिसरा प्रश्न. अमेरिकेत सूचीबद्ध असला तरी भारतीय कायद्याच्या लेखी हा शेअर सूचीबद्ध नाही. म्हणून मुदत १२ नाही, २४ महिने. २४ पूर्ण झाले की दीर्घकालीन, साडेबारा टक्के, इंडेक्सेशन (महागाईची वजावट) नाही. त्याआधी विकला तर नफा तुमच्या स्लॅबमध्ये. भारतीय शेअरांना मिळणारी सव्वा लाखाची सूट इथे नाही, ही चूक फार जण करतात. नफ्यावर अमेरिकेत कर लागत नाही.

डॉलरचे रुपये करताना विक्रीच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग दर (बँक डॉलर विकत घेते तो) घ्यायचा, गूगलवर दिसतो तो नाही.

२०२५ मध्ये लाभांश वर्षाला शेअरमागे ४ सेंट होता. शंभर शेअरवर ४ डॉलर, त्यातला एक डॉलर अमेरिकेतच कापला जातो. डब्ल्यू-८बीईएन फॉर्मची (तुम्ही अमेरिकेबाहेरचे आहात हे सांगणारा) मुदत संपलेली असेल तर २५ ऐवजी ३० टक्के कापतात. कापलेल्याचं क्रेडिट हवं तर फॉर्म ६७ भरा. एका डॉलरसाठी कोणी भरत नाही, पण लाभांश उत्पन्नात दाखवायचाच.

दंड बसतो तो शेड्यूल एफए (विवरणातला परदेशी मालमत्तेचा तक्ता) चुकवल्यावर. ते कॅलेंडर वर्षावर चालतं: आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या विवरणात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५. प्रत्येक लॉट वेगळ्या ओळीत: घेतल्याची तारीख, सुरुवातीचं मूल्य, वर्षातलं कमाल मूल्य, अखेरचं मूल्य. वर्षात विकून मोकळे झालात तरी ओळ येते. आयटीआर-१ चालत नाही, २ किंवा ३ लागतो. न दाखवल्यास १० लाखांचा दंड बसू शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट आहे, पण ती दंडापुरती. दाखवणं तरीही आवश्यक.

विकून आलेले डॉलर पुन्हा गुंतवले नाहीत तर १८० दिवसांत परत आणावे लागतात. परत आणून नंतर पुन्हा पाठवलेत, तर वर्षाला १० लाखांच्या वर २० टक्के टीसीएस (बँक आगाऊ घेते तो कर) कापला जातो. विवरणात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. म्हणून दुसरं काही अमेरिकेतलंच घ्यायचं ठरलं असेल तर डॉलर तिथेच फिरवा.

आणि ज्याचा विचार क्वचित होतो तो मुद्दा: अमेरिकेतली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर असताना धारकाचा मृत्यू झाला, तर वरच्या रकमेवर अमेरिकेचा वारसा कर लागतो, चढत ४० टक्क्यांपर्यंत. भारताचा यावर करार नाही. तुमचा आकडा त्याच्या वर असेल तर कमी करण्याचं हे कारण भावाच्या अंदाजापेक्षा ठोस आहे.

सासवडकर

सगळ्यांचे आभार. एकच शंका. चार लॉटना २४ महिने झालेत, पाचव्याला अजून तीन महिने आहेत. आधी जुने विकून पाचव्यासाठी थांबणं योग्य का?

कर_आणि_मुदत

पाच वेगळे लॉट विकताना साधारण 'आधी घेतलेले आधी' धरतात, त्यामुळे जुने आपोआप पुढे येतात. ब्रोकरच्या विवरणात लॉट कोणता वापरला ते तपासा.

पाचव्यासाठी थांबायचं का, हे नफा किती त्यावर आहे. ३० टक्के स्लॅब आणि ४ टक्के सेस धरा, सरचार्ज आणि रुपयाची हालचाल सोडा. समजा खरेदी ९०, भाव १८०. आज विकलात तर ९० च्या नफ्यावर ३१.२ टक्के, म्हणजे २८.०८ कर, हाती १५१.९२. तीन महिन्यांनी १३ टक्के (साडेबारा अधिक सेस) दराने तेवढेच हाती यायला भाव १६१.१७ पुरतो. म्हणजे भाव साडेदहा टक्के पडेपर्यंत थांबण्यात तोटा नाही.

खरेदी १५० असेल तर? नफा ३०, कर ९.३६, हाती १७०.६४. तीन महिन्यांनी बरोबरीचा भाव १७३.७२. उशी फक्त साडेतीन टक्क्यांची.

ताळेबंद

आणि ही उशी किती जाड आहे ते ठरवताना एक तारीख समोर ठेवा. २७ जानेवारी २०२५, डीपसीक या चिनी एआय कंपनीची बातमी आली तो सोमवार. १४२.६२ वरून ११८.४२. एका दिवसात १७ टक्के.

सासवडकर

पाचव्या लॉटची खरेदी १३५ ची आहे. भाव १८० धरला तर उशी पाच टक्क्यांच्या थोडी वर निघते. मधे एक निकालही येतोय. अर्धा लॉट आता, अर्धा मुदतीनंतर.