राल्फ ग्रिम यांनी मृदा-खनिजांबद्दल नेमके काय दाखवले?

प्रश्न : शेल या चिकणमाती घट्ट होऊन बनलेल्या थरदार खडकाविषयी वाचताना अमेरिकी भूवैज्ञानिक राल्फ ग्रिम यांचे नाव वारंवार येते. त्यांचे महत्त्व कशात आहे?

प्रतिसाद १ : ग्रिम, ब्रे आणि ब्रॅडली यांनी १९३७ साली गाळाच्या खडकांतील अभ्रकासारख्या मृदा-खनिजांना (चिकणमाती ज्यांची बनते त्या खनिजांना) इलिनॉय राज्यावरून ‘इलाइट’ हे नाव दिले. नुसत्या डोळ्यांना एकजिनसी दिसणारी चिकणमाती सूक्ष्म स्फटिकांची बनलेली असते, हे क्ष-किरणांनी सिद्ध करणाऱ्या पिढीतले ग्रिम होते. ते ज्ञान त्यांनी इमारतींच्या पायांपर्यंत नेले, हे मला अधिक मोलाचे वाटते.

प्रतिसाद २ : इलाइट आणि स्मेक्टाइट हे फुगणारे मृदा-खनिज क्ष-किरणांनी असे वेगळे ओळखतात : काचपट्टीवर वाळवलेल्या चिकणमातीच्या नमुन्याला इथिलीन ग्लायकॉल या द्रवाची वाफ दिली की स्मेक्टाइटचे थर फुगून त्यांच्यातील अंतर सुमारे १७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) होते, इलाइटचे मात्र १० वरच राहते. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्याही स्मेक्टाइटमुळेच.

प्रश्नकर्ता : मग जुन्या शेलमध्ये स्मेक्टाइट कमी का आढळते?

प्रतिसाद २ : गाळ खोल गाडला जाऊन तापला की फेल्डस्पारसारख्या पोटॅशियम असलेल्या खनिजांतून सुटणारे पोटॅशियम स्मेक्टाइटच्या थरांमध्ये शिरते आणि स्मेक्टाइटचे हळूहळू इलाइट होते.